पेवातला हुंकार

माझी नणंद पंचफुला चप्पल घालायची नाही. घ्यायची, जपायची, पण घालायची नाही. लग्नात मिळालेली, भावानं पाठवलेली, मी स्वतः इतवारा बाजारातल्या दुकानदाराशी भांडून आणलेली, सगळ्या जोड्या तिच्या घरी खुंटीला टांगलेल्या. कारण विचारलं की म्हणायची, "वयनी, चप्पल घातली की मले बहिरं झाल्यावानी वाटते." आता पायात चप्पल घातल्यावर माणूस बहिरं कसं होतं? असली उत्तरं ऐकली की माझं डोकं फिरतं. मग टोपडं पण पायालाच बांध, म्हटलं मी तिला. ती नुसती हसली. तिचं हसणंही तसंच, आत्ताच झोपेतून उठल्यासारखं.

तिचे वडील, म्हणजे माझे सासरे बुधाजी, बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन होते. क्वार्टर रुळाच्या कडेलाच. गाडी गेली की ताटातलं वरण थरथरायचं आणि खाटेचे पाय जमिनीवर कुरकुरायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले कितीतरी दिवस माझा डोळा लागला नाही. पंचफुला तेव्हा परकरातली पोर. तिला गाडी गेल्याशिवाय झोप यायची नाही. संध्याकाळी रुळावर उघडा पाय ठेवून, डोळे मिटून उभी राहायची आणि सांगायची, "मेल चांदूर सोडून राहिली." चांदूर रेल्वे तिथून कुठल्या कुठे, त्यामुळे हे मी थापेतच जमा करते. पण सिग्नल पडायच्या आधी, गाडीचा धूर दिसायच्या आधी तिला गाडी कळायची, हे मात्र मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सासरे तिला रुळावरून ओढून आणायचे, रागवायचे, आणि मग हळूच विचारायचे, "मालगाडी होती का पॅसेंजर?"

तिचा मोठा भाऊ देवमन. हो, घेतलं नाव. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, पण आता या वयात मला कोण विचारतंय, आणि 'हे' असं म्हणाले, 'हे' तसं म्हणाले करत गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याचा जीव जाईल. तर देवमनला आवाज कानानं कळायचा आणि पंचफुलाला पायानं. भावानं आवाजाचाच धंदा केला. छप्पन सालानंतर आमच्या वस्त्यांमधून सभा काय, भाषणं काय, बुद्धजयंती काय, रोज कुठेतरी भोंगा लागायचाच. अमरावतीत इतवाऱ्याच्या एका बोळात त्यानं लाउडस्पीकरचं दुकान टाकलं. दुकान कसलं, खोकंच. त्यात दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, मोटारीच्या बॅटऱ्या आणि मधे मावेल तेवढा देवमन. माणूस अंगानं चांगला भरलेला, बोलायला मात्र कंजूष. साऱ्या जिल्ह्याचा आवाज मोठा करायचा आणि स्वतः घरात 'हूं' च्या पुढे जायचा नाही.

पंचफुलाला दिलं अकोटच्या पलीकडे, खैरखुटीला. एसटीतून फाट्यावर उतरायचं आणि मग पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांमधून चालायचं. समोर सातपुड्याची निळी ओळ. ती जवळ येते असं वाटत राहतं आणि येत नाही. नवरा श्रावण, स्वभावानं गरीब, हंगामात अकोटच्या कापसाच्या जिनात काम करायचा, एरवी घरची थोडी जमीन. सासू केशरबाई, हाडाची काटक, घर तिच्या एका नजरेवर चालायचं. घर धाब्याचं. म्हणजे लाकडाच्या मयालींवर, जाड तुळयांवर, काड्या अंथरून वर हातभर मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, आणि वजनाला विचारूच नका.

पहिल्यांदा माहेरपणाला आली तेव्हा पंचफुलाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला वाटलं, सासू छळते. तर म्हणाली, "तसं काही नाही, वयनी. तिथची जमीन मुकी हाय. मले झोपच लागत नाही." मी कपाळावर हात मारला.

पण हिवाळ्यानंतर आली ती फुललेली. गोष्ट अशी झाली होती की त्या घरात नव्या सुनेला पेवात उतरवायची रीत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली ज्वारीची कोठी. तोंड अरुंद, आत पोट मोठं. नवी ज्वारी भरायच्या आधी ते उघडून वारं लागू द्यायचं, आत शेणमातीनं सारवायचं, कडबा जाळून कोरडं करायचं. आत कोंदट हवा साचलेली असते, म्हणून आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडतात; कंदील विझला तर त्या दिवशी कुणी उतरत नाही. तोंड एवढंसं, त्यामुळे सारवायला उतरणार कोण, तर घरातली सगळ्यात सडपातळ बाई. नवी सून सडपातळच असते, बिचारीला खायला अजून कुणी 'घे घे' म्हटलेलं नसतं. तर पंचफुला उतरली. वर नाण्याएवढं आभाळ, भोवती ओल्या मातीचा वास, हात भिंतीला आणि उघडे पाय तळाला. आणि तिथे तिला जमीन बोलताना सापडली.

"वयनी, ती मुकी नाही व. बोलते. थांबून थांबून बोलते. लय जाड आवाज हाय तिचा." हे सांगताना ती माझ्या ओसरीवर मटार सोलत बसली होती आणि दाणे भलत्याच भांड्यात टाकत होती. भीती नावाला नव्हती तिच्या तोंडावर. दूरच्या गावी जुनी मैत्रीण भेटावी, तसा आनंद. मला त्या दिवशी तिचा हेवा वाटला, खरं सांगते.

ही कोयनेचा भूकंप व्हायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे भूकंप शाळेच्या पुस्तकात होता, जपानात. आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीखाली काही हलत असेल, असं कुणी म्हटलं असतं तर त्यालाच हलवून बघितलं असतं.

पंचफुलाला मुलगी झाली, सुजाता. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ते बोलणं वाढलं. कुणाला काही जाणवायचं नाही, पण धाब्यातून बारीक माती गळायची. पाळण्यावर, लेकराच्या पापण्यांवर. पंचफुलानं एक दिवस अंथरूण उचललं, लेकरू उचललं आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली जाऊन निजली. हिवाळ्याचे दिवस, सातपुड्यावरून उतरणारा गार वारा. श्रावणनं समजावलं, मग विनवलं, मग स्वतःची घोंगडी तिच्यावर टाकून आत गेला. दुसऱ्या दिवशी गावात तोच विषय. पंचफुलाही अशी भोळी, की जी विचारेल तिला सांगत बसायची, जमीन हालून राहिली, मयालीची माती सुटून राहिली, तुमीबी बाहेर निजा.

केशरबाई तिला एवढंच म्हणायच्या, "चूप राय न. साऱ्या गावाले सांगत काहून फिरतं? चूप राय." रोज. भाकरी वाढताना, पाणी शेंदताना, चूप राय.

पूर्वीचे दिवस असते तर भगताला बोलावून लिंबू उतरवलं असतं आणि चार दिवस सगळ्यांचं समाधान झालं असतं. पण आमच्या लोकांनी देव-देवस्की सोडलेली. घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले होते आणि ते काम ज्यांनी पुढाकार घेऊन केलं ते श्रावणचे चुलते किसनराव अजून ताठ होते. भगत गावात दिसला तर तंगडं मोडीन, म्हणायचे. माणूस न्यायी, शब्दाचा पक्का. पण भगत नाही, डॉक्टर अकोटला, आणि डॉक्टरनं तपासून सांगितलेलं की बाईला काही झालेलं नाही. मग उरलं काय? किसनरावांनी चार माणसांत सांगितलं, सून घरात निजली तर नांदेल. नाही तर पौर्णिमा झाली की तिनं माहेरी जावं, डोकं थंड होईस्तोवर. लेकरू मात्र इथेच राहील, बाहेर गारठ्यात त्याचं मरण नको. लेकराचं दूध तुटायचं होतं अजून. पण ते म्हणाले, गाय आहे.

निरोप आला त्या दिवशी देवमन दुकान बंद करून घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "ललिता, मी साऱ्या दुनियेचा आवाज मोठा करतो, अन् माह्या बहिणीचं एक बोलणं लोकाइले ऐकू येत नाही." इतकं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. मी त्याच्यावरच ओरडले, मग बसून काय राहिले, उठा.

आम्ही खैरखुटीला गेलो ते टेपरेकॉर्डर घेऊन. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाकडून त्यानं तो घेतला होता. दोन मोठ्या चकत्यांचा, बॅटरीवरही चालणारा. त्याला दोन चाली होत्या, एक संथ, एक जलद. लग्नात पोरं त्याच्या मागे लागायची, काका, पाटलाचं भाषण जलद लावा. संथ चालीवर भरलेलं भाषण जलद लावलं की पाटलाचा घोगरा आवाज बारीक व्हायचा, चिमणीवानी, आणि पोरं लोळून हसायची.

पोचल्यावर देवमननं ग्रामोफोनचं सुई धरणारं डोकं काढलं, त्यावर तराजूतलं पितळी अदपावाचं वजन बांधलं आणि सुई जमिनीतल्या दगडावर टेकवली. जमीन हलली तर दगड हलेल, दगडाबरोबर सुई हलेल, वजन जागच्या जागी राहील, आणि त्या ओढाताणीचा आवाज होईल, असा त्याचा हिशेब. तारा अ‍ॅम्प्लिफायरला जोडून तो भोंग्याला कान लावून बसला. नुसता घूं. पंचफुला बाजूला भिंतीला पाठ लावून बसली होती. मधेच म्हणाली, "हे आता बोलली." देवमननं मान हलवली. काही नाही.

"कसा हाय तिचा आवाज?" त्यानं विचारलं.

"जाड," ती म्हणाली. "जिनाच्या इंजनाहून जाड. इतका जाड, का कानात मावत नाही, दादा. पायालेच कळते."

देवमन तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं टेपरेकॉर्डरची कळ संथ चालीवर केली. मला वाटलं, आता हा काय करतोय. तर म्हणाला, "कानात मावत नसन, तर बारीक करू. पाटलाचा केला तसा."

पण पहिला डाव फसला, आणि असा फसला की विचारू नका. सुई लावली होती ती घरातल्या उखळाला. उखळ जमिनीत पुरलेलं, म्हणजे जमिनीचा आवाज त्यातच येणार, असं आम्हां शहाण्यांना वाटलं. संथ भरलं, जलद लावलं, आणि भोंग्यातून काय आलं म्हणता? घर्र, घर्र, ढुम. घर्र, घर्र, ढुम. अंगणात जमलेल्या बायांनी पटकन हात जोडले. देव नदीत सोडले तरी हाताची सवय कुठे जाते. किसनराव ओरडले, "हात खाली." श्रावणचा चेहरा उजळला. पंचफुला मात्र म्हणाली, "हे तिचं बोलणं नव्हं." देवमननं खात्रीसाठी पुन्हा टेप भरायला लावली आणि श्रावण भिंतीमागे जाऊन आला. भिंतीमागे गोठा. बैल खुंट्याला मान घासत होता.

सारं गाव हसलं. पोरं दुसऱ्या दिवसापर्यंत पंचफुलाच्या मागे घर्र घर्र ढुम करत फिरली. एक-दोघांना मी धपाटा घातला, त्याचा मला पस्तावा नाही. किसनराव मात्र हसले नाहीत. देवमनला म्हणाले, "पाहुणे, तुमची माया समजते. पण पौर्णिमा जवळ आली." केशरबाईंनी सुजाताला मांडीवर घेतलं आणि तिच्या टाळूवर तेल घालत बसल्या. पंचफुला समोर उभी राहून ते बघत होती. तिनं लेकरू मागितलं नाही. मला तिथं उभं राहवलं नाही.

संध्याकाळी तीच म्हणाली, "दादा, पेवात लाव."

पेवं गावाबाहेर पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, टेकाडावर. ना गुरं, ना जातं, ना उखळ. आणि नेमकी तेव्हा ती रिकामी, उघडी, नव्या ज्वारीची वाट बघत. सकाळी आम्ही गेलो. कंदील खाली सोडला, पेटता राहिला. आता सुई लावायला उतरणार कोण? देवमननं पेवाच्या तोंडात पाय घातला आणि कमरेशी अडकला. श्रावण आणि मी, दोघांनी खांद्याला धरून उपसून काढला त्याला. एवढ्या काळजीतही मला हसू आवरेना, आणि पंचफुलाही हसली, कितीतरी दिवसांनी. मग पदर खोचून तीच दोरीला धरून आत गेली. देवमन वरून सांगत होता, खालून तिचा आवाज येत होता, लहान, गोल, रांजणातून आल्यासारखा. सुई तळाच्या दगडावर बसली. ती वर आली तेव्हा तिच्या केसांत माती होती आणि चेहरा शांत.

देवमननं सगळ्यांना लांब बसवलं, पावलाचाही आवाज नको म्हणून. वाटेनं गाडी-बैल येऊ नये म्हणून श्रावण खाली उभा. मी यंत्रापाशी. पंचफुला एका बाभळीखाली, पाय उघड्या जमिनीवर टेकून. तिला देवमननं सांगितलं, "बोलली का पदराले गाठ मार. बोलू नको, हात वर करू नको. फक्त गाठ." आणि टेकाडाच्या दुसऱ्या अंगाला, आमच्याकडे पाठ करून, केशरबाई सुजाताला घेऊन बसल्या. नात डोळ्यांआड होऊ द्यायची नाही, म्हणून आल्या होत्या. मला त्यांचा राग आला होता. इतका, की त्यांनी पाणी विचारलं तरी मी नको म्हटलं.

ती दुपार मला अजून स्वप्नात येते. ऊन कोवळं, वारा पडलेला. खाली शेतांत पऱ्हाटी फुटलेली, पांढरीशुभ्र, आणि त्यापलीकडे सातपुडा. चकत्या इतक्या संथ फिरत होत्या की बघता बघता मला पेंग यायची. काहीच होत नव्हतं. एक होला बोलायचा, थांबायचा. मी कान लावले, मग गुपचूप चप्पल काढून पाय जमिनीला लावले. जमीन गार लागली, बस. पण अधूनमधून पंचफुलाचा हात पदराकडे जायचा. तिचे डोळे मिटलेले, मान किंचित कलती. बडनेऱ्याच्या रुळावरची ती परकरातली पोर मला तिथे बाभळीखाली दिसली. गाडी येत होती आणि तिच्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. देवा, नाही, देवा म्हणायचं नाही, पण मी मनात म्हटलंच, हिचं खरं होऊ दे.

टेप संपली. पंचफुलाच्या पदराचं टोक गाठींनी गोळा झालं होतं. देवमननं ती टेप तिथे ऐकली नाही. म्हणाला, ऐकायची तर साऱ्यांनी मिळून. खोटं निघालं तरी साऱ्यांसमोर. मी म्हटलं, आधी आपण ऐकू, हो. ऐकतोय कोण.

दिवे लागायच्या सुमारास विहाराच्या ओट्यासमोर लोक जमले. झाडाला भोंगा बांधला. किसनराव खुर्चीवर. पंचफुला ओट्याच्या पायरीशी, पदर हातात. किसनराव म्हणाले, "जेव्हा वाजन, तेव्हा एक गाठ सोडजो, पोरी. आमी पाहतो." देवमननं कळ जलद चालीवर केली.

आधी नुसती खरखर. बराच वेळ. मागून कुणीतरी म्हणालं, "बैल झोपला वाटते." हसू फुटलं. आणि त्या हसण्याच्या मधेच तो आवाज आला.

कसा सांगू? लांब कुठेतरी भरलेली गाडी लाकडी पुलावरून जावी, तसा सुरू झाला, आणि मग त्यात एक दम होता, छातीतून निघालेला. हुंकारच म्हणते मी त्याला. लेकरू गोष्ट ऐकताना 'हूं' म्हणतं ना, तसा, फक्त कुणी फार मोठ्यानं म्हटलेला. भोंग्याचा पत्रा थरथरला. आला, वाढला, विरला. पुन्हा खरखर.

पंचफुलानं एक गाठ सोडली.

दुसरा हुंकार आला, आधीच्याहून छोटा. तिनं दुसरी सोडली. मग दोन लागोपाठ, एकमेकांना उत्तर दिल्यासारखे, आणि तिची बोटं दोनदा फिरली. मग बराच वेळ काही नाही, आणि तिची बोटंही पदरावर थांबलेली. मागची पोरं आयांच्या मांडीत शिरली होती. श्रावण उभा होता तो खाली बसला आणि दोन्ही तळहात त्यानं जमिनीवर ठेवले. मी पंचफुलाचा पदर बघत होते, एकेक गाठ कमी होताना, आणि माझा जीव टांगणीला लागला होता, की गाठी संपल्या आणि आवाज राहिले तर, नाही तर आवाज संपले आणि गाठी राहिल्या तर.

शेवटचा हुंकार सगळ्यात लांब होता. तो विरला, टेपचं टोक चकतीवरून सुटून फडफडलं आणि पंचफुलानं हात वर करून पदर दाखवला. चुरगळलेला, पण मोकळा. एकही गाठ नाही.

किसनराव खुर्चीवरून उठले. गळ्यातलं उपरणं काढून त्यांनी तोंड पुसलं. "पोरी," म्हणाले, "चुकलं आमचं. कोणी कुठं जात नाही." श्रावणकडे वळून म्हणाले, "धाब्याची माती उतरव, बापा. कवेलू घाल." देवमन यंत्रावर वाकून तारा गुंडाळत होता, पण त्या आधीच गुंडाळलेल्या होत्या.

मी आनंदानं केशरबाईंकडे बघितलं. म्हटलं, आता कसं, सासूबाई. तोंडावर बोलणारच होते. आणि मला दिसलं, की त्यांच्या मांडीवर सुजाता झोपलेली आणि त्यांची बोटं पदराखाली काहीतरी चाळवतायत. मी जवळ गेले. त्यांच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती. बाकी सारा पदर पंचफुलाच्या पदरासारखाच, चुरगळून मोकळा झालेला.

"मामी," मी म्हटलं, "हे काय?"

त्यांनी पदर लपवला नाही. बहुतेक लपवायचं त्राणच राहिलं नव्हतं. "मलेबी कळते तिचं बोलणं," त्या म्हणाल्या. "या घरात सून होऊन आली, पेवात उतरली, तवापासून."

किसनराव जागच्या जागी थांबले. "वयनी, मग तुमी कधी बोलल्या काहून नाही?"

केशरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. "बोलली असती तर नांदली असती का?" त्या म्हणाल्या. "चूप रायली, म्हणून नांदली. हिलेबी तेच सांगून राहिली होती."

मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायांपैकी दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला. मी दुपारी नाकारलेलं पाणी मला आठवलं.

केशरबाई पंचफुलाकडे वळल्या आणि पदराचं टोक तिच्यापुढे धरलं. "ही एक तू सोड व. माह्या हातानं सुटून नाही राहिली."

पंचफुला त्यांच्यापाशी बसली. शेवटची गाठ घट्ट बसली होती. तिनं ती दातांनी सैल केली आणि मग बोटांनी सोडवली, सावकाश, पदर फाटू नये म्हणून.

जेवणं झाल्यावर केशरबाईंनी आतून आपलं अंथरूण आणलं आणि कडुनिंबाखाली पंचफुलाच्या अंथरुणाला लावून टाकलं. मधे सुजाता. मी पलीकडे पडले होते, पांघरुणात. देवमन आणि श्रावण अंगणाच्या टोकाला विड्या ओढत बसले होते. गावात कुठे भांडी वाजत होती, ती थांबली.

"आली," पंचफुला म्हणाली.

"हाव," केशरबाई म्हणाल्या. "मलेबी."

मी तळहात जमिनीला लावून बघितला. मला काहीच कळलं नाही. मी रडत होते.